बागेतलं खांबांचं घर: जाडी, त्रिकोण आणि पागोळी

सोलापूरचा होटगी रोड असो, अक्कलकोट रोड असो की विजापूर रोड, शहर मागं पडलं की थोड्याच अंतरात एखादं मंगल कार्यालय किंवा शेतातलं फार्महाऊस हमखास दिसतं. समोर चार पांढरे गोल खांब, त्यांवर त्रिकोण, त्रिकोणात घराचं नाव नाहीतर गणपती. मालक त्याला ‘रोमन डिझाइन’ म्हणतो. बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. खर्चात काटकसर केलेली नसते, गवंडीही कच्चा नसतो. मापं चुकलेली असतात. आणि ती चुकतात, कारण त्या खांबातला, पट्ट्यातला, कंगोऱ्यातला एकेक भाग मुळात कशासाठी होता हे कुणी सांगितलेलंच नसतं.

बागेत किंवा शेतात एक खोली आणि तिच्यापुढं खांबांचा ओटा, असं देवळाच्या धाटणीचं छोटं घर बांधायचं मनात असेल तर आर्किटेक्टकडं जाण्याआधी एवढं वाचून ठेवा. नक्षी कुठली चांगली हा इथं विषयच नाही. प्रत्येक नक्षीमागं एक काम आहे. ते कळलं की काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

देवळासारखं, पण देव नसलेलं

फार्महाऊसचं चित्र दाखवलं की घरातलं वडीलधारं माणूस पहिला प्रश्न विचारतं, “हे देऊळ आहे, तर आत देव कोणता?” प्रश्न रास्त आहे.

ग्रीक देऊळ म्हणजे दगडी जोतं, त्यावर एक बंद खोली, खोलीच्या पुढं किंवा चहूबाजूंनी खांब, आणि वर दुपाखी छप्पर. मूर्ती खोलीत असे, पण बळी आणि नैवेद्य बाहेरच्या वेदीवर. लोक जमायचे ते बाहेर. त्यामुळं सगळी कारागिरी बाहेरच्या अंगावर खर्च झाली. आपल्याकडं मंडपातून गाभाऱ्याकडं आत आत जायचं असतं, तिथं बाहेरून बघायचं होतं. रोमनांनी तोच नमुना उचलला, जोतं उंच केलं आणि पायऱ्या फक्त समोर ठेवल्या.

हे देऊळ घराला चिकटलं ते बरंच नंतर. सोळाव्या शतकात इटलीत आंद्रेआ पल्लाडिओ नावाचा वास्तुकार होऊन गेला. त्याचं म्हणणं असं, की जुन्यांनी देवळाचा आकार घरावरूनच घेतला असणार; मग तो घराला परत द्यायला काय हरकत? व्हिचेंझा शहराजवळच्या व्हिला रोतोंदाला त्यानं चारही बाजूंनी देवळाचे दर्शनी भाग लावले, प्रत्येकाला सहा खांब. अठराव्या शतकात इंग्लंडचे पैसेवाले लोक इटली बघून आले आणि त्यांनी आपल्या बागांत छोटी छोटी देवळं उभी केली. स्टोरहेड या जागी हेन्री होर नावाच्या बँकरनं तळ्याभोवती अशी देवळं बांधवली. हेन्री फ्लिटक्रॉफ्ट हा त्याचा वास्तुकार. फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचं देऊळ १७४० च्या दशकातलं, घुमटाचं पँथिऑन १७५० च्या दशकातलं. पूजा कुठंच नाही. तळ्याला फेरी मारायची, दमलं की ओट्यावर बसायचं, समोरच्या काठावरचं दुसरं देऊळ बघायचं. पाण्यापलीकडचं देऊळ कसं दिसतं हे सिद्धेश्वर तलावाच्या गावाला वेगळं सांगायला नको.

तर, देव कोणताच नाही. फक्त आकार घेतला आहे. त्यात देव्हारा ठेवायचा असेल तर ठेवा, पण मग समोरच्या खांबांच्या रांगेत खुर्च्या टाकून चहा प्यायचा की नाही हे घरातच मिटवून घ्या.

महाराष्ट्रात हा प्रकार धड बघायचा असेल तर मुंबईचा टाऊन हॉल बघा; १८३३ साली पुरा झालेली, एशियाटिक सोसायटीची ती पायऱ्यांची इमारत. तिचे खांब डोरिक आहेत, म्हणजे साध्या टोपीचे, दणकट. सोलापुरात अप्पासाहेब वारदांनी बांधवलेलं इंद्रभुवन आहे, आजची महापालिका. तिथं युरोपी आणि देशी वळणं बिनधास्त एकत्र आली आहेत. ते शुद्ध नाही, पण बांधणाऱ्यांना प्रमाणाची जाण होती, म्हणून मिसळ असूनही डोळ्याला खुपत नाही.

खांब इतके जवळ का?

दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. दगडाची तुळई दोन खांबांवर आडवी ठेवली की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. अंतर वाढवलं की ती खालून तडकते. म्हणून दगडात बांधणारा जगात कुठंही असो, त्याला खांब जवळजवळच लावावे लागतात. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला जा; हरिहरेश्वराच्या मंडपात खांबांची दाटी आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन या ग्रीक देवळालाही दाटी आहे. दोघांनी एकमेकांचं काही पाहिलेलं नाही. दगडानं दोघांनाही तोच नियम घातला.

आज आरसीसीची बीम चौदा-पंधरा फूट सहज ओलांडते. म्हणून इंजिनिअर म्हणतो, मधले दोन खांब कशाला, कोपऱ्यांवर दोन पुरेत. हिशोबाच्या दृष्टीनं तो बरोबर आहे. पण मग ते देवळासारखं दिसणार नाही, पेट्रोल पंपाच्या शेडसारखं दिसेल. डोळ्याला दगडाची सवय आहे.

रोमन वास्तुकार विट्रुव्हियस इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्यानं खांबांमधल्या मोकळ्या जागेचे प्रकार लिहून ठेवले आहेत, सगळे खांबाच्या जाडीच्या पटीत. दीडपट म्हणजे फार दाट, दुप्पट म्हणजे दाट, तिप्पट म्हणजे विरळ. दाट प्रकारांबद्दल त्याची तक्रार गमतीची आहे: बायका एकमेकींचा हात धरून देवळात निघाल्या तर खांबांमधून जाताना त्यांना एकामागं एक व्हावं लागतं. त्याला पसंत होती सव्वादोन पट जागा, फक्त मधली, दारासमोरची, तिप्पट. आणि तिथून पुढं तिप्पटीपेक्षा जास्त अंतर ठेवायचं तर तो म्हणतो, दगडाची तुळई चालणार नाही, लाकडाची घाला.

खांब नेहमी सम संख्येत: चार, सहा, आठ. विषम घेतले तर एक खांब बरोबर दारासमोर येतो.

जाडी ठरली की सगळं ठरलं

या पद्धतीत फूट-इंच हे मूळ माप नाहीच. मूळ माप म्हणजे खांबाची तळाशी असलेली जाडी. उंची, अंतर, वरचा पट्टा, कंगोरे, सगळं त्या जाडीच्या पटीत. जिआकोमो व्हिन्योला या इटालियन वास्तुकारानं १५६२ साली याची सोपी सूत्रं छापली आणि ती पुढं शतकानुशतकं वापरात राहिली. खांबाची उंची टस्कन प्रकारात जाडीच्या सातपट, डोरिकला आठपट, आयोनिकला नऊपट, कोरिंथियनला दहापट. (हे खांबांचे प्रकार; त्यांच्या टोप्या कशा ते पुढं येईल.) खांबावरचा आडवा पट्टा, ज्याला एन्टॅब्लेचर म्हणतात, तो खांबाच्या उंचीच्या पाव. (खुद्द ग्रीक डोरिक याहून ठेंगणा आणि दणकट; पार्थेनॉनचे खांब जाडीच्या साडेपाचपटच उंच आहेत.)

आता आपल्याकडचा खांब बघू. उंची दहा फूट, जाडी नऊ इंच, कारण नऊ इंची भिंतीत तेवढाच बसतो आणि सेंट्रिंगवाल्याकडं तेवढाच पाइप असतो. दहा फूट म्हणजे १२० इंच, भागिले ९, म्हणजे तेरापटीहून जास्त. सगळ्यात सडपातळ कोरिंथियनपेक्षाही बारीक! वर पट्टा अडीच फुटांचा हवा, तिथं असते नऊ इंचांची बीम. खांब उसाच्या कांड्यासारखे आणि वरचं ओझं नाहीसं झालेलं. खटकतं ते हे.

तेच घर नीट मापात मांडून बघा. साधा डोरिक घेऊ, उंची दहा फूट. भागिले आठ, जाडी १५ इंच. बाजूच्या दोन जागा सव्वादोन पटीनं पावणेचौतीस इंच, दारासमोरची तिप्पट म्हणजे ४५ इंच. चार खांब आणि तीन जागा मिळून दर्शनी रुंदी १४ फूट साडेचार इंच. विट्रुव्हियसही चार खांबांच्या दर्शनी भागाचे जाडीइतके साडेअकरा भाग करायला सांगतो. १५ ला साडेअकरानं गुणा, तेच उत्तर येतं. वरचा पट्टा अडीच फूट. खाली तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, दीड फूट. त्रिकोण सोडून घर जमिनीपासून चौदा फूट उंच. एका खोलीच्या बागघराला हे मस्त माप आहे.

१५ इंच ऐकून मालक दचकतो. “साहेब, एवढा जाड? जागा खातोय की.” खातो. जागा कमी असेल तर खांब बारीक करू नका, सगळंच लहान करा. नऊ फुटांचा खांब, साडेतेरा इंच जाडी, त्या पटीत बाकीचं. किंवा आयोनिक घ्या, दहा फुटाला सव्वातेरा इंचांत भागतं. आतला भार घेणारा आरसीसीचा खांब इंजिनिअरनं दिलेल्या मापाचा, आणि बाहेरून जीआरसीचे (काचतंतू घातलेल्या सिमेंटचे) दोन अर्धे साचे, असंही करतात. दिसणारी जाडी बरोबर असली म्हणजे झालं.

पायऱ्या विषम का? विट्रुव्हियसचं कारण असं, की उजवा पाय पहिल्या पायरीवर टाकला तर वर पोचतानाही उजवाच पाय पडावा. नवी सून उजव्या पावलानं आत घेणाऱ्या आपल्या लोकांना हे पटायला वेळ लागणार नाही.

सरळ खांब सरळ दिसत नाही

खांब वर निमुळता होतो. तळाशी १५ इंच असेल तर माथ्याशी साडेबारा. पण हा उतार ओळंब्यासारख्या सरळ रेषेत ठेवला की लांबून खांब मध्ये किंचित खपाटीला गेल्यासारखा भासतो. म्हणून खालचा साधारण तिसरा भाग जवळजवळ सरळ ठेवतात आणि तिथून वर हलक्या फुगीर वळणानं निमुळता करतात. याला एन्टासिस म्हणतात. हे वळण इतकं थोडं असावं की लक्षात येऊ नये. बाजारात तयार मिळणाऱ्या काही साच्यांत पोटच पुढं आलेलं असतं. असा साचा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

पार्थेनॉनवाल्यांनी (इ.स.पू. ४४७ ते ४३२) तर याची हद्द गाठली. खांब ज्यावर उभे आहेत ते जोतंच मध्ये उचललेलं आहे, लांब बाजूला सुमारे ११ सेंटिमीटर. खांब किंचित आत झुकलेले. कोपऱ्याचे खांब बाकीच्यांपेक्षा जरा जाड, कारण मागं आकाश असलं की खांब बारीक भासतो. हे सगळं दगडात, मिलिमीटरच्या हिशोबानं. आपल्या चौदा फुटांच्या घराला एवढ्याची गरज नाही. एन्टासिस मात्र सोडू नका, आणि जोत्याला बाहेरच्या बाजूनं थोडा ढाळ द्या, पाणी तरी निघून जाईल.

खांबाचा पाय? ग्रीक डोरिकला पाय नसतो, तो थेट जोत्यावर उतरतो. बाकीच्यांना गोल कड्यांचा पाय आणि त्याखाली चौकोनी पाट. आपल्या वाड्यांत लाकडी खांबाखाली दगडाचा तळखडा असतो. ओल लाकडात चढू नये आणि ओझं पसरावं, म्हणून. हेतू हाच.

वरच्या पट्ट्यात लाकूड लपलंय

आता सगळ्यात गमतीचा भाग. खांबावरच्या पट्ट्याचे तीन थर. खालचा आर्किट्रेव्ह, म्हणजे खांबांना जोडणारी तुळई. मधला फ्रिझ, तुळईवर आडव्या कड्या येतात त्या जाडीचा पट्टा. वरचा कॉर्निस, पुढं आलेली वळचण. तुळई, कडी, वळचण. कुठल्याही वाड्याच्या सुताराला हे सांगायची गरज नाही.

डोरिकच्या मधल्या पट्ट्यावर ठरावीक अंतरावर उभ्या खाचांचे ठोकळे असतात, त्यांना ट्रायग्लिफ म्हणतात. विट्रुव्हियस सांगतो, की देवळं लाकडाची होती तेव्हा भिंतीबाहेर आलेली कड्यांची तोंडं झाकायला सुतारांनी फळ्या ठोकल्या. दगडाचं देऊळ आलं तेव्हा त्या फळ्याच दगडात कोरल्या गेल्या. ट्रायग्लिफच्या खाली सहा छोटे थेंबांसारखे गोळे असतात, ते म्हणजे लाकडी खुंट्या. आयोनिकच्या कॉर्निसखाली दातांची रांग असते, ती बारक्या वाशांची टोकं. आजचे सगळे अभ्यासक ही कथा जशीच्या तशी मानत नाहीत, पण कडीपाटाच्या घरात वाढलेल्या माणसाला ती खरीच वाटते. आपल्या दगडी देवळांतही लाकडाची आठवण ठायी ठायी कोरलेली आहे.

ट्रायग्लिफ लावायचा मोह होतो, पण सांभाळा. नियम असा, की प्रत्येक खांबाच्या मध्यावर एक ट्रायग्लिफ आलाच पाहिजे आणि दोन ट्रायग्लिफमधले चौकोन सारखे पाहिजेत. ट्रायग्लिफ अर्ध्या जाडीचा, चौकोन पाऊण जाडीचा, म्हणजे दोन्ही मिळून सव्वा जाडी. मग खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर सव्वाच्याच पटीत हवं: अडीच, पावणेचार, पाच. आपण वर घेतलेलं बाजूचं अंतर असं मोजलं तर सव्वातीन: सव्वादोनची मोकळी जागा आणि एक जाडी. बसत नाही! बसवायचं तर बाजूला पावणेचार, मध्ये पाच, आणि दर्शनी रुंदी साडेतेरा जाड्यांची, म्हणजे १५ इंची खांबाला जवळपास सतरा फूट. ग्रीकांना तर कोपऱ्याचा वेगळाच ताप होता. त्यांना शेवटचा ट्रायग्लिफ अगदी कोपऱ्यावर हवा असे, मग तो खांबाच्या मध्यावर येईना. शेवटी त्यांनी कोपऱ्याचे खांबच आत ओढले. रोमनांनी भांडण मिटवलं: ट्रायग्लिफ खांबाच्या मध्यावर, कोपऱ्यावर अर्धा चौकोन उरला तर उरू दे. माझं मत विचाराल तर पहिल्याच घराला मधला पट्टा कोरा ठेवावा. कोरा पट्टा कधीच चुकत नाही, आणि त्यावर घराचं नाव छान बसतं.

एक चूक मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसते. तुळईचा दर्शनी चेहरा खांबाच्या माथ्याच्या जाडीशी एका रेषेत हवा. म्हणजे माथ्याशी खांब साडेबारा इंच असेल तर तुळई साडेबारा इंच रुंद, आणि खांबाची टोपी दोन्ही बाजूंना तिच्याबाहेर डोकावणारी. आपल्याकडं नऊ इंची बीम टोपीच्या मधोमध बसते, नाहीतर टोपीच्या कडेपर्यंत बाहेर काढलेली असते. पहिल्यात खांब वायफळ वाटतो, दुसऱ्यात बीम आता पडेल असं वाटतं. ड्रॉइंगवर ही एक रेषा लाल पेनानं ओढून ठेवा.

कॉर्निसचं काम पाणी झटकणं. तो भिंतीपासून पुढं येतो आणि त्याच्या खालच्या अंगाला, काठापासून जरा आत, खाच असते. पाण्याला पृष्ठभाग धरून मागं सरकायची खोड आहे. खाचेपाशी त्याची वाट तुटते आणि ते तिथूनच खाली टपकतं. पागोळी भिंतीपासून लांब पडते. गवंडी छज्ज्याला ‘ड्रिप’ काढतात ती हीच. सोलापुरात पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणून लोक म्हणतात की एवढी उठाठेव कशाला. पण आपल्याकडं आठ महिने धूळ बसते आणि मग वळीव येतो. खाच नसलेल्या कॉर्निसवरून ती सगळी धूळ भिंतीवर उतरते आणि पहिल्याच पावसात पांढऱ्या रंगावर काळे ओघळ. फायबरचा किंवा पीओपीचा नुसता शोभेचा कॉर्निस चिकटवतात त्याला ही खाच नसतेच. शिवाय पीओपी पाणी पिऊन भुसभुशीत होतं. बाहेरच्या कामाला ते वापरूच नये.

बाकीचे कंगोरे साधे आहेत. बाहेर फुगलेली गोलची खालून आधार देते, म्हणून ती भाराखाली. आत वळलेली खाच सावली धरते. आणि एस आकाराचं वळण दोन तऱ्हेचं: माथ्याशी आतून वळून वर फाकणारं सगळ्यात वर, शेवट करायला, उलटं, पोट वर असलेलं, कशाच्या तरी खाली, पेलायला. चालुक्यकालीन देवळाच्या जोत्यावरचे कणी, कुमुद, कपोत हे थर बघा. फुगीर, धारदार आणि उतरते थर आलटून पालटून, मध्ये सावलीची रेघ.

त्रिकोण चपटा हवा

पेडिमेंट, म्हणजे वरचा त्रिकोण, हा दुपाखी छपराचा कापलेला शेवट आहे. मागं छप्पर नसताना नुसता त्रिकोण उभा करणं म्हणजे गॅदरिंगचा पडदा. स्लॅब सपाट असेल तर निदान ओट्यावर तरी खरं दुपाखी छप्पर घ्या.

तो किती उंच? विट्रुव्हियसच्या हिशोबानं आतल्या त्रिकोणाची उंची कॉर्निसच्या लांबीचा नववा भाग. आपल्या घराला कॉर्निस दोन्ही बाजूंनी बाहेर धरून सोळा फूट. नववा भाग साधारण पावणेदोन फूट. उतार साडेबारा अंशांच्या आसपास. आपल्याकडं कोकणातल्या कौलारू घरासारखा उंच त्रिकोण काढतात आणि घर टोपी घातल्यासारखं दिसतं. कोकणाचा पाऊस आपल्याला नाही, तो उतारही नको.

आणखी एक बारकावा, जाणकार लगेच पकडतात तो. कॉर्निसच्या अगदी माथ्यावरचा फाकणारा कंगोरा म्हणजे मुळात पन्हाळ. पाणी येतं छपराच्या उतरत्या कडेला. त्रिकोणाच्या खालच्या आडव्या कॉर्निसवर छपराचं पाणी येतच नाही, मग तिथं पन्हाळ कशाला? म्हणून तो कंगोरा फक्त तिरप्या बाजूंवर आणि घराच्या लांब बाजूंवर, त्रिकोणाच्या तळाशी नाही. विट्रुव्हियस दातांबद्दलही तेच म्हणतो: वाशांची टोकं बाजूला निघतात, समोर नाही, तेव्हा त्रिकोणात दात कोरू नयेत. रोमनांनी स्वतःच हे बऱ्याचदा मोडलं, ते सोडा.

लांब बाजूच्या पन्हाळीला सिंहाची तोंडं, त्यातून पाणी बाहेर. आपल्याकडं अभिषेकाचं पाणी गोमुखातून किंवा मकरमुखातून निघतं. नळाचा पाइप भिंतीवरून लोंबत ठेवण्यापेक्षा दगडी गोमुख लावलं तर ग्रीकही रागावणार नाही आणि गावकरीही.

टोप्यांबद्दल थोडक्यात. डोरिकला साधी गोल उशी आणि वर चौकोनी पाट. आयोनिकला दोन्हीकडं गुंडाळ्या. ती समोरून आणि बाजूनं वेगळी दिसते, त्यामुळं कोपऱ्याच्या खांबाला वेगळी घडवावी लागते. कोरिंथियनला अकँथस नावाच्या काटेरी झुडपाची पानं. फुलापानांची टोपी सगळ्यांना आवडते. पारव्यांनाही. शेतावरच्या ओट्याला कोरिंथियन टोप्या लावणं म्हणजे चार घरटी बांधून देणं, आणि खाली खुर्च्या आपल्या. डोरिक घ्या.

सोलापूरचं ऊन आणि काळी माती

अथेन्स ३८ अक्षांशावर, तिथं सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. सोलापूर साडेसतराच्या जरा वर. मेच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी आपली सावली पायाखाली जाते. एवढ्या उंच उन्हात कॉर्निसची सावली भिंतीवर खोल उतरते, खांबावरच्या उभ्या खाचा मात्र दुपारी दिसेनाशा होतात. त्या दिसतात सकाळी आणि संध्याकाळी, तिरप्या उन्हात. डिसेंबरात दुपारचा सूर्य जवळपास ४९ अंशांवर असतो. तेव्हा दक्षिणेकडं सव्वाअकरा इंच पुढं आलेल्या कॉर्निसची सावली तेरा इंचांच्या आसपास येते, मधला पट्टा झाकण्याएवढी. म्हणजे हे कंगोरे आपल्या उन्हात भरपूर काम करतात, त्यांना आणखी खोल कोरायची गरज नाही.

पश्चिमेला मात्र ओट्याचं तोंड करू नका. चार-साडेचारचं ऊन खांबांच्या मधून थेट खोलीच्या दारापर्यंत येतं आणि कुठलाही कॉर्निस त्याला अडवत नाही. पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड ठेवा, पश्चिमेची भिंत बंद, तिच्यामागं कडुलिंब. रंगही बर्फासारखा पांढरा नको. चैत्र-वैशाखात डोळे दिपतात. आणि ग्रीक देवळं पांढरीच होती हा समजही खरा नाही, त्यांवर निळा, लाल रंग होता. काळाच्या ओघात तो गेला आणि नंतरच्यांनी उघडा संगमरवर हाच आदर्श मानला. चुन्यात थोडी पिवळी माती घालून येणारा मळकट रंग इथल्या धुळीशी चांगला जमतो. जोत्याला शहाबादी फरशी, पायऱ्यांना काळा दगड. काळ्या दगडात बारीक कंगोरे काढणं महाग पडतं, म्हणून दगड खाली सपाट कामाला आणि वरचे कंगोरे सिमेंटमध्ये साच्यानं ओढलेले.

शेवटी पाया, कारण बागघर बुडतं ते इथंच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. जड इमारत मातीला दाबून तरी धरते. एका मजल्याचं हलकं घर माती उचलते आणि सोडते. चार खांबांचे चार सुटे पाये घेतले तर चौघं चार तऱ्हेनं हलतात, आणि तडा जातो तो नेमका तुळईत, सगळ्यांना दिसेल असा. पक्का मुरूम लागेपर्यंत खणा, चारही खांब प्लिंथ बीमनं, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या आडव्या बीमनं, बांधून घ्या, जोत्याच्या भरावात काळी माती अजिबात नको, मुरूमच. घराच्या चहूबाजूंनी तीन फुटांचा फरशीचा पट्टा घ्या, म्हणजे पागोळीचं पाणी पायाशी मुरणार नाही. बागेची पाळी आणि ठिबकच्या नळ्याही तिथून लांब. खोदाई किती खोल जाईल हे जागेवर खड्डा घेतल्याशिवाय इंजिनिअरही सांगू शकत नाही, तेव्हा खांबांची ऑर्डर देण्याआधी तो खड्डा घ्या.

आणि खड्डा घ्याल त्याच दिवशी चार बांबू रोवून त्यांना १५ इंच व्यासाचे पुठ्ठे गुंडाळा, वर अडीच फुटांची कापडी पट्टी बांधा, आणि गेटपाशी जाऊन बघा. जाडी जास्त वाटली तर ती तशीच ठेवा, दोन दिवसांनी पुन्हा बघा. तरीही जास्त वाटली, तर सगळंच घर सारख्याच पटीत लहान करा.